वॉकरचा चौथा पाय

"पुढचा डावा पाय बघा," पुण्याहून आलेली रेणुका आपटे म्हणाली आणि पडद्यावरच्या तक्त्यात एका आकड्यावर तिनं लाल ठिपका नेऊन थांबवला. "बाकीच्या तीन पायांवर वजन आहे. या पायावर जवळजवळ शून्य. म्हणजे तो जमिनीला टेकलाय, पण काम काहीच करत नाही. फरशी जरा ओली असली की सगळ्यात आधी हाच सरकणार."

तक्ता आमच्या वॉकरचा होता.

वॉकर म्हणजे ॲल्युमिनियमची ती चार पायांची चौकट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली किंवा वयानं थकलेली माणसं दोन्ही हातांनी तिच्या मुठी धरतात, ती पुढे ठेवतात आणि तिच्या आधारानं पाऊल टाकतात. चारही पायांना खाली रबरी बूट असतात. ते घसरले की माणूस पडतो, आणि त्या वयात पडणं म्हणजे पुन्हा दवाखाना. म्हणून वॉकरच्या धंद्यात पाय किती धरून राहतो, हा पहिला प्रश्न.

आमचा कारखाना ग्वाल्हेरला, बिर्लानगरात. वॉकर, कुबड्या, आंघोळीच्या खुर्च्या असलं सामान आम्ही करायचो. पुण्याची एक कंपनी तेच करायची. दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीनं दोघांनाही विकत घेतलं आणि एकत्र केलं. माझे आजोबा संस्थानी दफ्तरात होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांचं खातं आधी एका गावी गेलं, मग राज्याची फेररचना झाली तेव्हा दुसऱ्या गावी, आणि तेही मागोमाग गेले. त्यामुळे आमच्या घरी विलीनीकरण हा शब्द कोणी उच्चारला की सगळे आधी सामान कुठे ठेवलंय ते आठवतात.

दिल्लीहून खन्ना साहेब आले होते. दोन कंपन्यांतलं काय ठेवायचं आणि काय बंद करायचं, हे ठरवणं त्यांचं काम. माणूस शांत, आवाज न चढवणारा.

"देखिए," ते म्हणाले, "एक ही तरह के दो वॉकर रखने का मतलब नहीं है. एक फ्रेम रहेगी. जिसकी फ्रेम रहेगी, डिझाइन का काम वहीं रहेगा."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मोहिते साहेब बसले होते. आमचे डिझाइनचे प्रमुख. ही फ्रेम त्यांनीच आखलेली. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सगळे फौजेत. हे एकटे इंजिनिअर झाले, पण पाठ ताठ ठेवून बसायची सवय गेली नव्हती.

"साहेब, इतकी वर्षं हा वॉकर विकला जातोय," ते म्हणाले. "पाय घसरला अशी तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही."

"तक्रार नहीं आई, ये तो अच्छी बात है," खन्ना साहेब म्हणाले. "पर ये आकडा तो आया है ना."

सिम्युलेशनचं काम माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरमध्ये वॉकर उभा करायचा, त्याच्यावर वजन टाकायचं, काय होतं ते बघायचं. मी रेणुकाला म्हटलं, "मला तुमची फाइल द्या. मी बघून घेते."

तिचा चेहरा एकदम बदलला. "घ्या ना," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. मला काही कळलं नाही. खन्ना साहेबांनी पुढच्या रिव्ह्यूपर्यंत मुदत दिली आणि मीटिंग संपली.

हे सिम्युलेशन कसं चालतं, ते आधी सांगते. कॉम्प्युटरला रबर, फरशी, वजन यातलं काही कळत नाही. त्याला आकार कळतात आणि आकडे कळतात. तो एका सेकंदाचे हजारभर तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात बघतो की कुठली वस्तू कुठल्या वस्तूत घुसते आहे. वॉकर वजनामुळे खाली जातोय आणि फरशीत घुसू पाहतोय, असं दिसलं की तो त्या जागी वर ढकलतो. बरोबर एवढाच जोर लावतो की वॉकर आत घुसणार नाही आणि वर उडणारही नाही. हा जो जोर, त्याला आम्ही कॉन्टॅक्ट फोर्स म्हणतो. फरशी त्या पायाला किती जोरानं उचलून धरते आहे, ते.

घर्षण त्याच्यावरूनच ठरतं. रबरी बूट फरशीवर जितका दाबला जाईल तितका तो धरून राहतो. दाब निम्मा झाला तर पकड निम्मी. दाब शून्य तर पकड शून्य. म्हणून रेणुकाचा लाल ठिपका इतका गंभीर होता.

तिनं दिलेली फाइल मी उघडली. कुठल्याही सिम्युलेशनवर माझा विश्वास बसायच्या आधी मी त्याला असं काहीतरी विचारते ज्याचं उत्तर मला ठाऊक असतं. चारही पायांवरच्या जोरांची बेरीज केली. वॉकरचं वजन आणि वर टाकलेलं वजन, दोन्ही मिळून जितकं व्हायला हवं तितकीच आली. म्हणजे रेणुकाची मोजणी चुकलेली नव्हती. मी थोडी निराश झाले, खरं सांगायचं तर. बेरीज चुकली असती तर काम अर्ध्या तासात संपलं असतं.

पण एक गोष्ट खटकत होती. वॉकर डावी-उजवीकडून अगदी सारखा. वजन दोन्ही मुठींवर सारखं टाकलेलं. फरशी सपाट. मग पुढचा डावा पाय रिकामा आणि त्याच्या शेजारचा पुढचा उजवा दुप्पट ओझ्याखाली, हे कशासाठी? डाव्या बाजूनं काय पाप केलं होतं?

ड्रॉइंग तपासलं. डावा आणि उजवा पाय केसाइतकाही वेगळा नाही. फरशी थोडी कललेली असेल म्हणून तीही तपासली. सपाटच होती. मग वॉकर आहे त्या जागी अर्धा फिरवून उलट्या तोंडानं ठेवला. दोष फरशीचा असता तर रिकामा पाय जागेवर राहिला असता. तो वॉकरबरोबर फिरला. म्हणजे दोष वॉकरचा. मोहिते साहेबांचा.

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "काय दिसतंय?"

"अजून काही नाही, साहेब."

"तू आकड्यांकडे बघतेस. एकदा वॉकरकडे पण बघ ना," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातला एक वॉकर उचलून माझ्या टेबलाजवळ ठेवला आणि चारही पायांखालून एक कागदाचा कपटा घालून बघितला. कुठेच आत गेला नाही. चारही पाय नीट टेकलेले होते, आणि पडद्यावर वजन तिघांवरच.

फाइलमध्ये वॉकरचा कुठला भाग डाव्या-उजव्यात फरक करतो, हे मी शोधायला लागले. लांबी नाही, जाडी नाही, वजन नाही. मग एकच फरक उरला. फाइलमध्ये पायांना नंबर होते. मागचा डावा एक, मागचा उजवा दोन, पुढचा उजवा तीन, पुढचा डावा चार. नंबर म्हणजे नुसती नावं. त्यांनी वजन कसं बदलेल?

तरी मी पुढच्या दोन पायांचे नंबर अदलाबदल केले. डाव्याला तीन, उजव्याला चार. बाकी काही म्हणजे काहीच हलवलं नाही. पुन्हा चालवलं.

पुढचा उजवा पाय रिकामा झाला. डाव्यावर दुप्पट ओझं आलं.

मी खुर्चीतून उठले. पाणी प्यायले. परत येऊन नंबर पहिल्यासारखे केले आणि चालवलं. रिकामेपण पुन्हा डावीकडे. वजन नावाबरोबर फिरत होतं. चौथं नाव ज्याचं, तो रिकामा.

नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला असा आनंद फार वेळा झालेला नाही. उत्तर मिळालं नव्हतं, पण प्रश्न कुठे राहतो त्याचा पत्ता मिळाला होता.

तिपाई घ्या. तिच्या तीन पायांवर वजन कसं वाटलं जाईल, याचं उत्तर एकच असतं. चार पायांचं तसं नाही. चार पायांवर वजन अनेक तऱ्हांनी वाटता येतं आणि प्रत्येक तऱ्हेत टेबल शांत उभं राहतं, बेरीजही बरोबर येते. खऱ्या जगात यातली एक तऱ्हा कोण निवडतं? रबर निवडतं. ज्या पायावर जास्त दाब येतो तिथलं रबर थोडं दबतं, पाय किंचित खाली जातो, आणि मग शेजारच्या पायाला आपला वाटा उचलावा लागतो. असं होत होत चौघांत तडजोड होते.

या फाइलमध्ये मात्र रबर दबतच नव्हतं. आमची जुनी फाइल पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना रबरी बुटांची माहिती गळून पडली होती आणि सॉफ्टवेअरनं त्यांना दगडासारखं कडक धरलं होतं. दगडी पाय, दगडी फरशी. तडजोड करायला कोणी नाही. मग सॉफ्टवेअर आपल्या सवयीनं एकेक पाय नंबरानं घेत होतं. पहिल्याला ढकल, दुसऱ्याला ढकल, तिसऱ्याला ढकल. चौथ्याकडे पोहोचेपर्यंत वॉकर उचलून धरलेला असायचा. हिशेब जुळला, म्हणून ते तिथेच थांबायचं.

मी रेणुकाला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"नंबर बदलून?" तिनं विचारलं. "नुसते नंबर?"

"नुसते नंबर."

"मला पटत नाही," ती म्हणाली. "तुमच्या फाइलमध्ये अजून काहीतरी बिघाड असेल. आमची फ्रेम याच सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित येते."

"तुमच्या फ्रेमचं रबर मऊ धरलेलं आहे म्हणून. ते एकदा कडक करून बघ ना."

तिनं बरं म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी मी घरी जायला निघाले होते तेव्हा तिचा फोन आला.

"मीनलताई, आमचाही एक पाय रिकामा झाला," ती म्हणाली. "मी मागच्या पायाला चौथा नंबर दिला तर त्याचंही वजन घटलं. हे फारच विचित्र आहे. मी दुपारपासून दुसरं काही केलेलं नाही."

मग म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही मला 'बघून घेते' असं का म्हणालात?"

"अगं, फाइल बघून घेते असं म्हटलं."

"पुण्यात 'बघून घेते' म्हणजे धमकी असते."

मला हसू आवरेना. आमच्याकडे हिंदीत 'देख लेती हूँ' म्हणतात, तेच आम्ही मराठीत म्हणतो. त्यात फक्त बघणं असतं. बिचारीनं आठवडाभर माझी धास्ती घेतली होती.

आता रबर खरं किती दबतं ते मोजायला हवं होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये एक छोटा प्रेस होता. त्यात बूट ठेवून वरून दाब देत गेलो आणि दर वेळी तो किती चपटा होतो ते मोजलं. ते आकडे फाइलमध्ये भरले. पुन्हा चालवलं. पुढचे दोन्ही पाय सारखे, मागचे दोन्ही सारखे. नंबर कसेही लावा, उत्तर हलत नव्हतं.

मोहिते साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे माझा वॉकर लंगडा नाही."

"नाही, साहेब."

त्यांनी जवळच्या हजीऱ्याच्या बाजारातून सगळ्या ऑफिसला कचोऱ्या मागवल्या. एरवी ते कोणाला चहासुद्धा पाजत नसत.

खरं म्हणजे तिथे थांबता आलं असतं. आरोप पुढच्या डाव्या पायावर होता आणि तो सुटला होता. पण पडद्यावरचं उत्तर खऱ्या वॉकरशी जुळतं का, हे मला बघायचं होतं. यात कोणाचं भलं करायचा विचार नव्हता. उत्सुकता होती, बस. गावातल्या महाराज बाड्याच्या बाजारातल्या एका दुकानातून मी वजनाचे चार काटे आणले, घरोघरी माणसं वर उभं राहून वजन बघतात तसले. वॉकरचा एकेक पाय एकेका काट्यावर ठेवला.

आता वजन टाकायला माणूस हवा. अकाउंट्समधले सक्सेना जी तयार झाले. ते चांगले भरभक्कम होते आणि कामातून उठायला निमित्त शोधत असत. त्यांनी दोन्ही मुठी धरल्या आणि अंग पुढे टाकलं. चारही काटे स्थिर झाले. पडद्यावरच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळत होते. मी खूश होऊन लिहून घेत होते तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

सक्सेना जींनी डावा हात मुठीवरून काढला आणि खिशात घातला. भार उजव्या हातावर आला. माझं लक्ष काट्यांवरच होतं. डावीकडचे दोन्ही काटे घसरत घसरत शून्याशी आले. आणि त्यांनी फोन कानाला लावून जरा मान वळवली, तर वॉकर उजव्या मागच्या पायाभोवती थोडा फिरला. डावे पाय काट्यांवरून सरकले.

"अरे, ये क्या हुआ?" सक्सेना जी म्हणाले. त्यांनी पटकन दुसरा हात टेकला. पडले नाहीत. वय पन्नाशीचं, दोन्ही गुडघे शाबूत.

"सक्सेना जी, परत एकदा तसंच करा ना," मी म्हटलं.

पुन्हा तसंच झालं.

मी टेबलाशी गेले आणि कॉम्प्युटरमध्ये सगळं वजन एका मुठीवर टाकलं. पलीकडचे दोन्ही पाय शून्य. पायांचे नंबर बदलले. तरी शून्य. रबर आणखी मऊ केलं. तरी शून्य. या वेळी सॉफ्टवेअर खरं बोलत होतं.

कारण साधं होतं. मोहिते साहेबांच्या फ्रेमचे पाय सरळ खाली उतरायचे. मूठ बरोबर पायांच्या रेषेवर. एकाच मुठीवर भार दिला की तो सगळा त्या बाजूच्या दोन पायांत उतरायचा आणि पलीकडच्यांना काहीच मिळायचं नाही. दाब नाही, म्हणून पकड नाही. मग हाताला जरा हिसका बसला की फ्रेम दाबलेल्या पायाभोवती फिरायची. पुण्याच्या फ्रेमचे पाय खाली बाहेरच्या अंगाला फाकलेले होते. मुठी पायांच्या आत पडायच्या. एका हातानं रेललं तरी पलीकडच्या पायांवर थोडं वजन राहायचं.

आमच्या ऑफिसात आजवर सगळं मोजमाप दोन्ही मुठींवर सारखं वजन टाकूनच व्हायचं, आणि पकड काढायची तीही चारही पायांची मिळून. बेरीज नेहमीच चांगली यायची.

मी रेणुकाला सांगितलं. "रिव्ह्यूमध्ये प्रश्न फक्त पुढच्या पायाचा आहे," ती म्हणाली. "त्याचं उत्तर तुमच्या बाजूनं आहे. बाकीचं तुम्ही ठरवा. मी स्वतःहून काही काढणार नाही."

ती चांगुलपणानं म्हणाली होती. मला मात्र ते ऐकून जास्तच जड वाटलं. माझ्या टेबलाच्या आजूबाजूला दहा-बारा माणसं बसायची. फ्रेम गेली तर डिझाइनचं काम पुण्याला जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलांच्या शाळा, आजारी आईवडील, घराचे हप्ते, ज्याचं त्याचं काहीतरी होतंच. माझंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोहिते साहेबांकडे गेले.

"एका हातानं?" ते म्हणाले. "एका हातानं वॉकर धरायचाच नसतो. आपण माहितीपत्रकात लिहिलेलं आहे."

"लिहिलंय, साहेब. पण फोन आला की माणूस हात काढतो. दाराची कडी काढताना काढतो. नळ उघडताना काढतो."

"मग तो त्याचा दोष."

"हो," मी म्हटलं.

ते उठले. वर्कशॉपमागच्या अंगणात लाल दगडाच्या पटिया टाकलेल्या होत्या, आमच्याकडे जुन्या घरांतून असतात तशा. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, वॉकर त्या ओल्या दगडावर ठेवला आणि मला म्हणाले, "तू लांब उभी राहा." मग उजव्या हातानं मूठ धरून त्यांनी भार दिला आणि डावा हात असा लांब केला, जसं काही समोर दार आहे आणि त्याला कडी आहे.

वॉकर फिरला. ते तयारीत होते, तरी एक पाऊल मागे जावं लागलं.

त्यांनी तो उचलून परत जागेवर ठेवला आणि डाव्या हातानं करून बघितलं. वॉकर दुसऱ्या बाजूला फिरला. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. मी बघत उभी होते. शेवटी ते अंगणातल्या ओट्यावर बसले.

"आपल्या लष्कर भागातल्या जुन्या घरांतून हिंडून मी दारं मोजली होती," ते म्हणाले. "न्हाणीघरांची दारं इतकी लहान की फाकलेला वॉकर आत जात नाही. म्हणून पाय सरळ ठेवले. लोकांनी नावाजलं मला त्याबद्दल." मग म्हणाले, "तक्रार कुठून येणार? म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं तर घरचे म्हणतात, म्हातारं माणूस पडलं. वॉकर घसरला असं कोण म्हणतं?"

त्यांनी विचारलं, "रिव्ह्यूमध्ये सांगणार आहेस?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, तू पायाचं सांग. हे मी सांगतो."

रिव्ह्यूच्या दिवशी मी नंबरांची अदलाबदल करून दाखवली. खन्ना साहेबांनी ती माझ्याकडून तीनदा करून घेतली. "मतलब कॉम्प्युटर ने गिनती के हिसाब से वजन बाँट दिया?" त्यांनी विचारलं. रेणुका म्हणाली, "हो, आणि आमच्या टीमच्या ते लक्षात आलं नव्हतं. आता सगळ्या जुन्या फाइली आम्ही परत तपासतोय." तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की मला तिचं कौतुक वाटलं.

"तो फिर ग्वालियर की फ्रेम ठीक है," खन्ना साहेब म्हणाले.

"नाही," मोहिते साहेब म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "ठीक नहीं है. मैं दिखाता हूँ."

त्यांनी सगळ्यांना अंगणात नेलं. पटियांवर आधीच पाणी टाकून ठेवलं होतं. आधी आपली फ्रेम दाखवली, मग पुण्याची. पुण्याची फ्रेम एका हातानं रेलूनही जागची हलली नाही. त्यानंतर वर्कशॉपमध्ये आणून ठेवलेली एक लाकडी चौकट त्यांनी पुढे ओढली. जुन्या न्हाणीघराच्या दाराइतक्या मापाची. पुण्याची फ्रेम तिच्यातून जाईना. तिरकी करून बघितली, तरी नाही.

"मेरी फ्रेम बंद कीजिए," ते म्हणाले. "पर ये वाली भी हर घर में नहीं जाएगी. ये भी लिख लीजिए."

खन्ना साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, "आप ये बात छुपा भी सकते थे?"

"छुपाता तो आपको पता नहीं चलता," मोहिते साहेब म्हणाले. "मुझे तो चल चुका था."

निकाल पत्रानं आला. पुण्याची फ्रेम राहिली, ग्वाल्हेरची बंद झाली. ठरल्याप्रमाणे डिझाइनचं काम पुण्याला गेलं आणि आमच्यातले चार-पाच जण त्याच्याबरोबर गेले. दोघांनी नोकरी सोडून गावातच दुसरं काही धरलं. मोजमापाचं काम मात्र, म्हणजे सिम्युलेशन आणि वर्कशॉपमधल्या चाचण्या, दोन्ही कारखान्यांसाठी ग्वाल्हेरला राहिलं. ते मागायला आम्ही गेलो नव्हतो. पत्रात कारण दिलेलं नव्हतं. रेणुकानं शिफारस केली होती हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही तिच्याकडून नाही.

मोहिते साहेब पुण्याला गेले नाहीत. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्यांना आमच्या विभागात सल्लागार म्हणून ठेवलं. त्या काळात त्यांनी अरुंद दारांसाठी एक फ्रेम आखली. पाय सरळच ठेवले, पण मुठी दोन-दोन बोटं आत घेतल्या. पाय बाहेर नेण्याऐवजी हात आत आणले, एवढंच. जाड माणसाला ती अडचणीची होते. बारीक माणसाला चालते, आणि न्हाणीघराच्या दारातून जाते. एका हाताची चाचणी तिनं पहिल्याच फेरीत पार केली नाही. बूट बदलावे लागले. मग केली. ती अजून विकली जाते, फार नाही, पण विकली जाते.

रेणुकानं आणि मी त्यानंतर बरीच कामं मिळून केली. रिपोर्टमध्ये प्रत्येक पायाचा आकडा देताना खाली एक ओळ लिहायची, असा नियम तिनं दोन्हीकडे लावला: नंबर बदलून पाहिले, उत्तर तेच आलं. नवीन माणसांना ही ओळ कशाला ते कळत नाही. काही जण तपासून न बघताच ती लिहितात.

या सगळ्यातून मी जे शिकले ते फार मोठं नाही. पायापायाचा आकडा बघणारे एका चुकीला फसले होते आणि फक्त बेरीज बघणारे दुसऱ्या चुकीला, आणि दोघांकडे आकडे अगदी नीट छापलेले होते. म्हणून आता मी दोन्ही बघते, आणि त्यानंतर एका माणसाला वॉकर धरायला लावून त्याच्या मोबाइलवर फोन करते.